माता मृत्यूची चौकशी होते, पण त्यातून काय निघालं ते आपल्याला का कळत नाही?

मखमलाबादची

थोडं लांब लिहितेय, पूर्ण वाचा आणि मग काय ते बोला.

बाई गरोदर असताना किंवा बाळंतपणानंतर, गर्भपातानंतरसुद्धा, ४२ दिवसांच्या आत गेली आणि कारण अपघात वगैरे नसेल तर तो माता मृत्यू. अशा प्रत्येक मृत्यूचं अन्वेषण करायचं हे देशभर २०१० पासून ठरलेलं आहे, २०१७ ला सूचना नव्याने आल्या. गावातली आशा खबर देते, पीएचसीचे (प्राथमिक आरोग्य केंद्राचे) डॉक्टर घरी जाऊन भलामोठा फॉर्म भरतात, दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर तिथला फॉर्म वेगळा, मग जिल्ह्याची समिती बसते, त्यातल्या काही केसेस कलेक्टरसमोर जातात आणि तिथे घरच्यांनाही बोलवायचं असतं, आणि सगळ्यात वर राज्याची समिती. पद्धत चांगली आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

मी नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात आश्रमशाळेत नोकरी केली, आता रिटायर आहे. आई बाळंतपणात गेलेलं कोणी ना कोणी वर्गात असायचंच. त्या घरी गेलं की काय झालं होतं याचं उत्तर ठरलेलं, रक्त गेलं, झटके आले, नाशिकला नेता नेता गेली. पुढे काही नाही. चौकशीला कोणीतरी आलं होतं, कागद भरून नेला, परत फिरकलं नाही. म्हणजे ज्या घरातली बाई गेली त्यांनाच माहीत नाही की समितीने शेवटी काय ठरवलं, रक्त वेळेवर मिळालं नाही की गाडी उशिरा आली की वरच्या दवाखान्यात नेऊनही तिथे कोणी बघायला नव्हतं. मग तो नवरा किंवा ती सासू आयुष्यभर मनात धरून बसते की आपणच आधी न्यायला पाहिजे होतं. हे मी डोळ्यांनी बघितलंय म्हणून बोलतेय.

माझी मागणी अशी की जिल्ह्याने दरवर्षी जाहीर करावं. बाईचं नाव नको, डॉक्टरचं नको, गावाचंही नको. किती मृत्यू, कोणत्या कारणाने, उशीर कुठे झाला, समितीने काय करायला सांगितलं आणि त्यातलं काय झालं. आणि घरच्यांना तरी समोर बसवून त्यांच्या भाषेत सांगा. आपल्याच पैशाने चालणारी समिती आहे आणि आपल्याच बाया जातायत.

लेबररूम

ताई तुमची कळकळ समजते पण मी याच्या विरोधात आहे. मी स्त्रीरोगतज्ज्ञ, आधी सरकारीत होतो आता स्वतःचं आहे, अशा मीटिंगांना बसलोय. ती मीटिंग एकाच गोष्टीवर चालते, तिथलं बोलणं बाहेर जात नाही आणि त्यावरून कोणाला शिक्षा होत नाही. तसं सूचनांमध्येच आहे. म्हणून तर ज्युनिअर डॉक्टर सांगतो की सर मी किती रक्त गेलं याचा अंदाज कमी धरला, सिस्टर सांगते की रात्री दोन टेबलांवर दोन डिलिव्हऱ्या चालू होत्या त्यात तिचं बीपी घ्यायचं राहिलं. हे उद्या पेपरात छापून येणार म्हटल्यावर कोण बोलेल? केसपेपर एकदम टापटीप होतील, वेळा जुळवलेल्या असतील आणि समिती त्यावर सही करून उठेल, मग त्या सहीतून पुढची बाई कशी वाचणार.

रक्तस्राव म्हणजे काय असतो हे बाहेरच्यांना माहीत नसतं. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटरच्या वर रक्त जात असतं. वार पडल्यावर पिशवी आकसली नाही तर काही मिनिटांत ती पांढरीफटक पडते, सगळं बरोबर केलं तरी कधीकधी हातातून जाते. २०२२ ला राजस्थानात दौसा जिल्ह्यात अशीच एक बाळंतीण रक्तस्रावाने गेली, डॉक्टर बाईंवर थेट खुनाचा गुन्हा दाखल झाला आणि त्यांनी जीव दिला. ती बातमी आमच्यापैकी प्रत्येकाच्या डोक्यात आहे.

आणि नावं काढून काय होतं? पेठ सुरगाण्यासारख्या तालुक्यात वर्षात जे एक-दोन मृत्यू होतील ते कोणाचे आणि कोणत्या दवाखान्यात हे बाजारच्या दिवशी सगळ्यांना माहीत असतं. तुम्ही 'झटके, रेफर करायला उशीर' एवढंच छापलं तरी संध्याकाळपर्यंत त्या डॉक्टरच्या दारात माणसं. इंग्लंडमध्ये १९५२ पासून हे काम चालू आहे, त्याला गोपनीय चौकशीच म्हणतात. केरळात स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सरकारबरोबर २००४ ला सुरू केलं तेही गोपनीय. चालतं ते याच्यामुळेच.

मखमलाबादची

डॉक्टर साहेब, तुम्ही दिलेली दोन्ही उदाहरणं माझ्या बाजूची आहेत. इंग्लंडमध्ये चौकशी गोपनीय पण अहवाल छापील, कोणीही वाचू शकतो. गुठळी फुफ्फुसात जाऊन बायका जातात हे त्यांच्या अहवालांत पुन्हा पुन्हा वर येत होतं, त्यावर २००४ ला डॉक्टरांसाठी नव्या सूचना निघाल्या आणि पुढे ते मृत्यू घटलेले त्याच अहवालात दिसले. केरळनेही आपले निष्कर्ष प्रसिद्ध केलेत. म्हणजे कोण बोललं ते गुपित, काय शिकलो ते उघड. आपल्याकडे दोन्ही एकाच कपाटात कुलूपबंद आहे, माझं भांडण तेवढ्याशी आहे.

लेबररूम

मान्य की ते छापतात. पण ते देशाचं, राज्याचं, काही वर्षांचं एकत्र करून छापतात, म्हणून कोणी ओळखू येत नाही. तुम्ही मागताय जिल्ह्याचं आणि दरवर्षीचं. राज्याने छापावं, मी स्वतः सही करतो त्या मागणीवर. जिल्ह्याचं नको.

सातपूरकर

माझी बहीण गेली. दुसरं बाळंतपण, सीझर, प्रायव्हेट हॉस्पिटल, शहरातच, नाव घेत नाही. रात्री पोट फुगलं म्हणून सांगत होतो तर गॅस आहे म्हणाले, सकाळी दुसरीकडे न्या म्हणाले. दुसऱ्या हॉस्पिटलात पोचल्यावर तिथले डॉक्टर म्हणाले आतून रक्त जात होतं, खूप उशीर झालाय. आता हे वाचून कळतंय की घरी येऊन विचारपूस करायची पद्धत आहे. आमच्याकडे कोणी आलं नाही. ना महापालिकेचं ना कुठलं. माझा भाचा दीड वर्षाचा आहे आता.

डॉक्टर, तुम्ही म्हणता कोणाला शिक्षा होत नाही म्हणून लोक खरं बोलतात. मग त्या खरं बोलण्याचा आम्हाला काय उपयोग झाला? आमच्याशी कोण खरं बोललं? तुम्ही लोक बंद खोलीत एकमेकांना माफ करता असंच वाटतं मला, राग आला तर येऊ द्या.

गटप्रवर्तक ताई

दादा फार वाईट वाटलं वाचून. शहरात प्रायव्हेटमधली केस सुटते ही खरी गोष्ट आहे, कळवायचं त्यांनाही बंधन आहे पण मागे लागणारं कोणी नसतं, खेड्यात निदान आशा असते.

आता मी दुसरी बाजू सांगते, मी सुरगाणा भागात आशांची गटप्रवर्तक आहे, म्हणजे त्यांच्या कामावर देखरेख करणारी. माता मृत्यू झाला की पहिला फोन आशाला. मीटिंगमध्ये सगळ्यात शेवटच्या खुर्चीवर बसलेली बाई कोण, आशा. आणि पहिला प्रश्न कोणाला, तर आशालाच. बारा आठवड्यांच्या आत नोंदणी का नाही केली, लोहाच्या गोळ्या दिल्या तर एचबी (हिमोग्लोबिन) सात कसं, जोखमीची माता होती तर तू बरोबर का नाही गेली. ती बिचारी काय सांगणार, की बाई दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे गेली होती आणि सातव्या महिन्यात परत आली, तोपर्यंत तिचं कार्ड माझ्याकडे आणि ती कुठल्या शेतावर ते मला माहीत नाही. ना दोष ना शिक्षा असं कागदावर आहे, पण खालच्या माणसाला खोलीत दोष लागतोच, फक्त तो कागदावर येत नाही.

म्हणून जाहीर करा म्हटलं की मला भीती वाटते, पहिली आशाच सापडेल सगळ्यांना. पण ताईंची एक गोष्ट शंभर टक्के पटली, ठरलेलं काय ते खाली कोणी सांगत नाही. फॉर्म भरायला आम्ही, घरच्यांना बोलतं करायला आम्ही, पण समितीने असं असं ठरवलं, आता रक्त इथे ठेवणार, डॉक्टरची जागा भरणार, असा कागद माझ्या हातात कधी पडला नाही. दोन वर्षांनी तशीच बाई तशाच कारणाने जाते आणि तोच फॉर्म आम्ही परत भरतो.

दिंडोरीकर

बागायतदार आहे, ताईंनी द्राक्षाच्या कामाचा विषय काढला म्हणून लिहितो. आमच्याकडे छाटणीपासून हार्वेस्टिंगपर्यंत पेठ, सुरगाणा, पार गुजरातच्या बाजूची माणसं येतात, जोडपी असतात, बाया पोटुशा असतात हे आम्हाला दिसतं. पण त्या बाईचा बीपी कधी बघितला, तिची तारीख कधी, हे विचारायचं आमच्या डोक्यात नसतं हे खरं आहे. आमच्या गावची आशा म्हणते ती माझ्या यादीत नाही, तिच्या गावची आशा म्हणते ती इथे नाही. समितीला हे माहीत असेल तर आम्हाला कोणी सांगितलं का? नाही. सांगितलं असतं तर ग्रामपंचायतीने बागायतदारांची एक मीटिंग घेऊन टोळी आली की आशाला फोन करा एवढं ठरवलं असतं, खर्च शून्य. म्हणून मी मखमलाबादच्या ताईंच्या बाजूने. त्या खोलीत जे कळतं त्यातलं निम्मं काम डॉक्टरांचं नाहीच, आमच्यासारख्यांचं आहे. आणि आम्ही त्या खोलीत नसतो.

आकडेमोड

थोडे आकडे. दर एक लाख जिवंत जन्मांमागे किती माता मृत्यू हे प्रमाण २०१८-२० च्या नमुना नोंदणीत देशाचं ९७, महाराष्ट्राचं ३३, केरळचं १९, आसामचं १९५. २०१६-१८ ला आपण ४६ वर होतो. म्हणजे तेव्हा महाराष्ट्र देशात दुसरा होता, अभिनंदन करून घ्यायला हरकत नाही पण त्या ३३ मध्ये मुंबईची बाई पण आहे आणि सुरगाण्याच्या पाड्यावरची पण. सरासरीत पाडा दिसत नाही, आणि नमुना पाहणीतून तालुक्याचा दर काढताच येत नाही कारण संख्या फार लहान. म्हणूनच एकेका मृत्यूची गोष्ट बघणं महत्त्वाचं, दर सांगत नाही ते ती गोष्ट सांगते.

पण ती मोजणीही नीट होते का? नाशिकच्या सिव्हिलला फक्त आपला जिल्हा येत नाही, मोखाडा जव्हारहूनही बाया इकडेच पाठवतात. म्हणजे बाई पालघर जिल्ह्यातली आणि मृत्यू नाशकात. नियमाने ती केस तिच्या जिल्ह्याला कळवायची असते, दोन जिल्ह्यांनी आपापला अर्धा भाग बघायचा असतो. उलट सुरगाण्याच्या सीमेवरची गावं दवाखान्यासाठी धरमपूर, वलसाडला जातात, २०२२ च्या डिसेंबरात तर त्यातल्या काही गावांनी सोयी नाहीत म्हणून आम्हाला गुजरातमध्ये घाला अशी मागणीच केली होती. अशी बाई वलसाडला गेली तर तिची गोष्ट दोन राज्यांच्या मध्ये लटकते. तिला उशीर झाला तो आपल्या बाजूला आणि तिचा केसपेपर त्यांच्या बाजूला.

तेव्हा जाहीर करायचं की नाही हा वाद करण्याआधी सगळे मृत्यू टेबलावर येतात का ते बघा. निम्मेच येत असतील तर छापील अहवाल उलट फसवा होईल. प्रायव्हेटवाले कळवणं अजून कमी करतील, जिल्हा आपला आकडा छोटा दाखवेल. मी डॉक्टरांच्या बाजूने.

मखमलाबादची

आकडा छोटा दाखवतील म्हणून दाखवूच नका, हे मला पटत नाही. छापला तर निदान सातपूरच्या दादांसारखा माणूस म्हणेल की अहो यात माझी बहीण नाही. आज त्यांना हेही कळायला मार्ग नाही की ती मोजली गेली का.

कोर्टकज्जा

वकील आहे. दोन-तीन गोष्टी मिसळल्या जातायत. समितीचं काम दोषी ठरवणं नाही, आणि ते नसावंच, त्यासाठी ग्राहक आयोग आहे, मेडिकल कौन्सिल आहे, पोलीस आहेत. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर नव्या न्याय संहितेत कलम १०६ आहे, त्यात नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंतची तरतूद आहे, इतरांना पाच. आणि २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की डॉक्टरवर फौजदारी करायची तर निष्काळजीपणा ढळढळीत पाहिजे आणि आधी दुसऱ्या डॉक्टरचं स्वतंत्र मत घ्यायला हवं. म्हणजे दौसात झालं तसं उठसूट खुनाचं कलम लावणं चूकच होतं, तिथे डॉक्टरांची भीती रास्त आहे.

पण लेबररूम सरांना एक विचारतो. ही गोपनीयता डॉक्टरांसाठी आहे की बाईसाठी? २०२५ ला पुण्यातल्या एका मोठ्या धर्मादाय हॉस्पिटलचं प्रकरण गाजलं, गरोदर बाईच्या घरच्यांकडे दहा लाख डिपॉझिट मागितल्याचा आरोप होता, ती पुढे दगावली, तेव्हा त्या एका मृत्यूवर वेगवेगळ्या समित्या बसल्या आणि त्यांचं काय म्हणणं आहे ते रोज टीव्हीवर येत होतं. पेठमधल्या बाईच्या वेळी मात्र सगळं एकदम गोपनीय. म्हणजे आवाज असलेल्या घराला माहिती मिळते, पाड्यावरच्या घराला नाही. नियम असेल तर सगळ्यांना सारखा लावा.

लेबररूम

वकील साहेब, पुण्याच्या प्रकरणाने तर माझाच मुद्दा सिद्ध होतो. इतक्या समित्या, इतका आरडाओरडा, आणि चर्चा सगळी कोण दोषी यावर. जोखमीच्या मातेला ऐनवेळी एका हॉस्पिटलातून दुसऱ्यात जावं लागलं तर कागद कसे जावेत, फोन कोणी कोणाला करावा, यावर टीव्हीवर पाच मिनिटं तरी बोललं का कोणी? आग लागली की सगळे आग लावणाऱ्याला शोधतात, पाण्याची लाइन कुठे बंद होती ते बघायला शांत माणसं लागतात.

सातपूरकर, तुमच्याशी वाद घालायला मला तोंड नाही. सीझरनंतर आतून रक्त जात असेल तर नाडी वाढते, लघवी कमी होते, पोट ताणतं, ते ओळखायला रात्री अनुभवी माणूस लागतो. तो बऱ्याच छोट्या हॉस्पिटलांत नसतो, हे मी माझ्याच धंद्याबद्दल सांगतोय. तुमच्या बहिणीची केस समितीपुढे यायलाच पाहिजे होती.

सटाण्याची सिस्टर

मी स्टाफ नर्स. बल्लारीचं कोणाला आठवतं का? कर्नाटक, नोव्हेंबर २०२४, जिल्हा हॉस्पिटलात सीझर झालेल्या बाया थोड्या दिवसांत एकामागून एक गेल्या. पहिली गेली तेव्हा काय वाटलं असेल सगळ्यांना, डॉक्टरचं चुकलं, नाहीतर बाईचं नशीब. ओळीने जायला लागल्या तेव्हा संशय सलाइनवर गेला, रिंगर लॅक्टेट, आपण रोज लावतो तेच. मग सरकारने त्या कंपनीचं सलाइन थांबवलं आणि राज्यभरच्या माता मृत्यूंचं ऑडिट लावलं.

हे मी का सांगते तर एकेका हॉस्पिटलने आपापली केस आपल्या कपाटात ठेवली तर असं काही कधीच दिसणार नाही. आणि पेपरात आरडाओरडा झाला म्हणूनच ते इतक्या लवकर हललं. मी लेबररूम सरांचा आदर करते पण आरडाओरड्याने फक्त नुकसानच होतं असं नाही.

दुसरं, समितीत नर्सला बोलू द्या. रात्री बाईजवळ आम्ही असतो, सकाळी मीटिंगमध्ये बोलतात साहेब.

नाशिक ते अटलांटा

मी मूळची कॉलेज रोडची, आता अटलांटाला असते. इथे जवळपास प्रत्येक राज्याची अशी समिती असते, २०१८ ला त्यासाठी केंद्राचा कायदा झाला आणि पैसे आले. इथे ४२ दिवस नाही तर बाळंतपणानंतर वर्षभरातले मृत्यू बघतात, त्यामुळे हार्टचे, डिप्रेशनचे, व्यसनाचे मृत्यूसुद्धा टेबलावर येतात. ३६ राज्यांच्या समित्यांनी २०१७ ते २०१९ चे मृत्यू तपासले तर पाचातले चार टाळता आले असते असं निघालं.

पण इथे काय झालं ते दोन्ही बाजूंनी ऐकण्यासारखं आहे. आमच्या जॉर्जियात गर्भपाताचा कडक कायदा आल्यानंतर दोन बायका गेल्या, समितीने ते मृत्यू टाळता येण्यासारखे होते असं ठरवलं आणि सप्टेंबर २०२४ ला ते पत्रकारांच्या हाती लागलं. कोणी फोडलं ते सापडलं नाही म्हणून नोव्हेंबरात आरोग्य खात्याने समितीतले सगळे सदस्य एका फटक्यात काढले. टेक्सासच्या समितीने २०२२ आणि २०२३ चे मृत्यू सोडून थेट २०२४ चे बघायचं ठरवलं, म्हणजे गर्भपाताचा कायदा बदलला नेमकी ती वर्षं गाळली. आयडाहोत तर २०२३ ला समितीच बंद पडली, वर्षभराने परत आणली.

आता यातून काय घ्यायचं? डॉक्टर म्हणतील बघा, माहिती फुटली की समिती मोडते. मी म्हणेन माहिती फुटली नसती तर कळलंच नसतं, दोन वर्षांनी एका जाड अहवालात एक ओळ आली असती. समिती सरकारनेच नेमायची, सरकारच्याच धोरणामुळे मृत्यू झाला असेल तर तो तिनेच सांगायचा, आणि वरून सगळं गुपित, यात गोपनीयता कोणाच्या कामी येते याचा विचार करा. नाशकातसुद्धा भूलतज्ज्ञाची जागा रिकामी असेल, रक्त साठवायचा फ्रीज बंद असेल, तर तो दोष त्या रात्रीच्या डॉक्टरचा नसतो, वरचा असतो. उघड केल्याने डॉक्टर सापडेल असं सगळे धरून चाललेत. मला वाटतं डॉक्टर सुटेल.

लेबररूम

अटलांटाच्या ताईंचं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. खरंय, खूपदा आम्ही समितीत लिहितो की रक्ताची सोय नाही, भूलतज्ज्ञ नाही, आणि ते वरच्या कागदात 'रेफर करण्यास विलंब' एवढंच उरतं. तरीही माझा जिल्ह्याच्या यादीला विरोध आहे तो आहेच. हवं तर असं करा, मृत्यूंची माहिती छापू नका, शिफारशी छापा. अमुक ग्रामीण रुग्णालयात रक्त साठवण केंद्र सुरू करावं, अमुक तारखेपर्यंत, जबाबदार कोण, झालं का नाही. यात कुठली बाई ओळखू येत नाही. आणि ज्या बाया मरता मरता वाचल्या त्यांचाही आढावा घ्यायच्या सूचना केंद्राने २०१४ ला काढल्यात, तिथे कोणी गेलेलं नसतं म्हणून माणसं मोकळेपणाने बोलतात, बाई स्वतः सांगू शकते काय झालं. ते वाढवा.

गटप्रवर्तक ताई

सर हे एकदम बरोबर बोललात. शिफारशी छापा, पीएचसीच्या भिंतीवर लावा. माहेरघरचंच बघा ना, लांबच्या पाड्यावरच्या बाईने तारखेच्या आधी पीएचसीजवळ येऊन राहायचं, सोय सरकारची, चांगली योजना आहे. पण घरी दोन लेकरं टाकून बाई येत नाही, तिच्याबरोबर येणाऱ्याची मजुरी बुडते. हे आम्ही प्रत्येक फॉर्ममध्ये लिहितो. भिंतीवर लागलं तर सरपंच तरी वाचेल.

आणि एक राहिलं. पोरी बाळंतपणानंतर विहिरीत उडी मारतात, औषध घेतात, त्या फॉर्ममध्ये येतच नाहीत, पोलीस केस म्हणून बाजूला.

आकडेमोड

हा मुद्दा महत्त्वाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ पासून गरोदरपणातली आणि बाळंतपणानंतरची आत्महत्या थेट माता मृत्यूत धरायला सांगितलीय. इंग्लंडमध्ये सहा आठवड्यांनंतर वर्षभरात जाणाऱ्या बायकांमध्ये आत्महत्या हे मोठं कारण आहे. आपण तो दरवाजाच उघडला नाही.

दिंडोरीकर

शिफारशी तरी छापा यावर मी पण राजी. मृत्यूची माहिती नंतर बघू.

मखमलाबादची

मी राजी नाही. भिंतीवर 'रक्त साठवण केंद्र सुरू करावे' एवढंच लिहिलं तर लोक म्हणतील हो करतील कधीतरी. रक्त नव्हतं म्हणून गेल्या वर्षी तिघी गेल्या असं शेजारी लिहिलं तर गाव ग्रामसभेत विषय काढेल. कारण कापून नुसती शिफारस ठेवली की ती सरकारी पत्रासारखी होते, कोणी वाचत नाही. तालुक्यावरून ओळख पटते म्हणता ना, मग तीन वर्षांचं एकत्र करा, चार आदिवासी तालुके एकत्र करा. मार्ग निघतो, काढायचा असेल तर. आणि घरच्यांना सांगायचं त्यावर अजून कोणीच बोललं नाही. तिथे तर ओळख लपवायचा प्रश्नच नाही, त्यांचीच बाई आहे.

सातपूरकर

तेच विचारायचं होतं. मी आता काय करू शकतो? तिच्या जाण्याला वर्ष होऊन गेलं.

कोर्टकज्जा

भाऊ, पहिलं काम, दोन्ही हॉस्पिटलांकडे लेखी अर्ज द्या, इनडोअर केसपेपर, ओटी नोट्स, नर्सिंग चार्ट, भूल दिल्याचा कागद, रेफर चिठ्ठी सगळं नाव घेऊन मागा. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत द्यायला लागतं आणि रेकॉर्ड तीन वर्षं ठेवायला लागतं, म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे पण थांबू नका. पोच घ्या. ग्राहक आयोगात जायचं तर दोन वर्षांची मुदत असते, ती डोक्यात ठेवा.

लेबररूम

आणि महापालिकेच्या आरोग्य विभागात लेखी विचारा की या मृत्यूची माता मृत्यू म्हणून नोंद झाली का, अन्वेषण झालं का. झालं नसेल तर आता करा म्हणा, घरच्यांचा जबाब घेतलेला नाही हे स्पष्ट लिहा. ती मोजली जाणं हा तुमचा हक्क आहे, त्यासाठी मी तुमच्याबरोबर यायला तयार आहे. फक्त समितीत कोण डॉक्टर काय बोलला ते मागू नका, ते मिळणार नाही आणि मिळू पण नये.

मखमलाबादची

कोण काय बोललं ते नको, पण समितीने काय ठरवलं ते मागा दादा. नाही म्हणाले तर नाही असं लेखी घ्या, मग पुढचं अपील आपण मिळून लिहू.